रिमोटकाकूंचं टपाल

४ सप्टेंबर २००६, सोमवार

रेल्वेची ही डायरी जानेवारीपासून कपाटात कोरी पडून होती. यांना दरवर्षी मिळते. हे म्हणजे आमचे हिम्मतराव. सिकंदराबादच्या रेल्वे ऑफिसातनं रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी ओळखीचा कुणीतरी डायरी आणून देतो आणि हे तिच्यात एक ओळ लिहीत नाहीत. माणूस बोलतच नाही, तो लिहिणार काय! म्हणून मी घेतली.

कारण असं, की आजपासून मी लेखिका झाले. भाग्यलक्ष्मीबाई, वय त्रेपन्न, शिक्षण मॅट्रिक, राहणार चिक्कडपल्ली, ह्यांचा ब्लॉग सुरू झाला. ही आयडिया आमच्या सुनेची. मी टीव्ही बघताना बडबडते आणि अश्विनी हसून हसून बेजार होते. परवा म्हणाली, "अहो आई, हे लिहा ना. लोक वाचतील." मी म्हणलं, मला तर त्या कम्प्युटरचं बटण कुठंय ते ठाऊक नाही. ती म्हणाली, "तुम्ही बोला, मी टाइप करते."

पहिला लेख गाण्याच्या स्पर्धेवर. पोरगं सा लावायच्या आधीच परीक्षकाच्या डोळ्यात पाणी! वर म्हणतात एसएमएस करा. रडायचं तुम्ही आन् एसएमएस आम्ही करायचा? ब्लॉगचं नाव 'रिमोट माझ्या हातात'. माझं नाव रिमोटकाकू.

अश्विनी पुण्याची. लग्न फेब्रुवारीत झालं. रितेश अमेरिकेतनं तीन आठवड्यांची रजा काढून आला, बोहल्यावर उभा राहिला आणि परत गेला. तिनं तिकडं जायचं म्हणून तिची कम्प्युटरची नोकरी सोडली. आता रितेशनं कागद पाठवले, की चेन्नईला व्हिसाची तारीख मिळायची. तोवर ती आमच्याकडं. मनातलं लिहायचं तर, कागद जरा उशिरा आले तरी मला चालेल.

१३ सप्टेंबर, बुधवार

अकरा जणांनी अभिप्राय दिला. अकरा! आमच्या महिला मंडळात मी बोलायला उभी राहिले की सातजणी चहाला उठतात.

आता आमचा नियमच झालाय. सकाळी अंघोळ झाली की अश्विनी कम्प्युटर लावते, मी शेजारी खुर्ची ओढते, चहाचे दोन कप मधी. मग ती रिमोटकाकूंचं टपाल उघडून एकेक पत्र वाचून दाखवते. आवाज काय गोड पोरीचा, रेडिओवर असावा असा. आधी ती माझी भाषा सुधारायची. मी 'रडायलाय' म्हणलं की 'रडतोय' टाइप करायची. मग लातूरच्या एका माणसानं लिहिलं, की काकू तुम्ही आमच्यासारखं बोला, पुण्याची इस्त्री नक्को. तेव्हापासून हात लावत नाही. मी म्हणलं, बघ, जिंकली का नाही तुझी सासू!

रविवारी रितेशचा फोन आला तेव्हा जरा फुशारकी मारली. "सगळं मीच करते, टपाल पण मीच उघडते. तू पण चार ओळी टाक कधीतरी. सारखं फोनवर हं-हं काय करतोस?" अश्विनी स्वयंपाकघरात तोंडावर ओढणी धरून हसायली. मी डोळे वटारले. पोरगा हरखून गेला. "मम्मी, तू तर एकदम फास्ट निघालीस," म्हणला.

कागदांचं विचारायचं राहिलं. अश्विनीशी दोन मिनिटं बोलला. तिच्या बाजूनं फक्त "हो", "बरं", "जेवलास?" असं ऐकू आलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार

साडेआठच्या मालिकेनं आज माझं डोकं फिरवलं. त्यातली ती सासू, कपाळावर रुपयाएवढी टिकली, झोपेतसुद्धा नेकलेस. पोरानं दुबईत दुसरी बाई ठेवली. सासूला माहीत आहे. आणि ही बया सुनेला काही सांगत नाही, उलट तिला नवऱ्याच्या नावानं उपास करायला लावते. मेलीला लाज नाही!

जेवण तसंच टाकून मी अश्विनीला बसवलं आणि सांगितलं, लिही. असल्या बाईला आमच्या क्रॉस रोडवर, सगळी थेटरं आहेत त्या चौकात, शंभर दिवस चाललेल्या सिनेमाच्या पोस्टरखाली उभं करा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवा. पोरीला खरं कळायचा हक्क नाही का? माझ्या घरात असं झालं तर मी आधी सुनेला सांगीन आणि मग पोराचा कान धरीन.

अश्विनीनं टाइप केलं आणि विचारलं, "आई, हे शेवटचं वाक्य जाड अक्षरात टाकू?"

"टाक की," मी म्हणलं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

त्रेचाळीस अभिप्राय. कॅनडातल्या एका मुलीनं लिहिलं, काकू, माझी सासू तुमच्यासारखी पाहिजे होती. अश्विनीनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला मुलगी नाही. ह्या पोरीनं ते लेणं मला आयतं दिलं. देवा, दृष्ट नको लागू देऊ.

११ ऑक्टोबर, बुधवार

आज टपालात काही नव्हतं. म्हणजे, अश्विनी म्हणाली एक जाहिरात आहे आणि बाकी काही नाही. मला जरा राग आला लोकांचा. दसरा झाला की विसरले का काकूला?

ती बराच वेळ तशीच स्क्रीनकडं बघत बसली. चहा गार झाला. डोळे लाल झाले होते. म्हणलं, किती वेळ त्या काचेत बघतेस, चष्मा लागेल. "हो आई," म्हणाली आणि आत जाऊन पडली. दुपारी जेवली नाही. पित्त असणार. ओव्याचं पाणी दिलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

लिहू का नको?

रितेशचा फोन. अश्विनी खाली भाजी आणायला गेली होती. पहिलंच वाक्य, "मम्मी, मंगळवारी मेल टाकला होता, वाचला नाहीस?" मी म्हणलं, नाही बाबा, आला नाही. "नक्की आला नाही?" त्यानं परत विचारलं. मग म्हणला, "बरं, तर फोनवरच सांगतो, पण टेन्शन नक्को घेऊ."

त्याचं तिकडं एका पोरीबरोबर आहे. ऑफिसातली. लग्नाच्या आधीपासून. दोघं एकाच घरात राहायलेत. तो अश्विनीला नेणार नाही. कागद पाठवलेच नाहीत. पाठवणारच नव्हता.

मी म्हणलं, मग पुण्याला अक्षता कशाला घेतल्यास मुडद्या? तर म्हणतो, "तू रडली नसतीस तर मी उभा राहिलोच नसतो. आठव मम्मी." मला आठवतं. मी तीन दिवस जेवले नव्हते, आणि तो कुणाचं तरी नाव घेऊ लागला तेव्हा मी फोन यांच्याकडं दिला होता. नाव ऐकूनच घेतलं नाही मी.

"तिला इतक्यात सांगू नको. संक्रांतीपर्यंत मला टाइम दे. मी काहीतरी करतो," म्हणला. मी हौ म्हणले.

मेल कुठं गेला कोण जाणे. नेट चार दिवस धड नाहीच. गेला ते एका परीनं बरंच झालं. अश्विनीच्या हाती लागला असता तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ती तर भाजी घेऊन आली आणि मला विचारते, "आई, भाकरी करू की चपाती?"

१७ ऑक्टोबर, मंगळवार

यांना सांगितलं. यांनी पेपर खाली ठेवला. दोनच शब्द बोलले, "सांगून टाक."

तुम्हाला काय जातंय म्हणायला! सांगितलं की ती जाणार. मग ह्या घरात बोलायचं कुणाशी? भिंतीशी का तुमच्याशी? आणि पोराची इज्जत? सांगीन. पण चार दिवसांवर दिवाळी आलीय, सणाच्या तोंडावर पोरीला रडवायचं का? दिवाळी होऊ दे.

२५ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी झाली. पहिला दिवाळसण जावयाविना कसा करायचा, म्हणून तिचे आईवडीलच इकडं येऊन गेले. मी अनारसे केले, चिवडा केला, दोघांना अगदी हातात हात देऊन निरोप दिला. तिची आई जाताना म्हणाली, "तुमच्यावर सोपवून आम्ही निर्धास्त आहोत हो." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

सांगितलं नाही. शनिवारी सांगते.

७ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवार दोन गेले. आज कसाबसा एक लेख सांगितला. साडेआठच्या मालिकेवरच. म्हणलं, लिही. आपण त्या सासूला फार बोललो. आईचंही काही मन असतं. ती लपवते म्हणजे सुनेचं वाईटच चिंतते असं थोडंच आहे? तिला वाटत असेल पोरगा सुधारेल. वेळ गेला की गाडी रुळावर येते.

अश्विनीची बोटं थांबली. "आई, तुमचं मत बदललं का?"

"बदललं नाही. जरा विचार केला."

"वाचक विचारतील. काय उत्तर देऊ?"

"वाचकांना काय कळतंय," मी म्हणलं. तिनं मुकाट टाइप केलं. ह्यावेळी जाड अक्षराचं काही विचारलं नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

लोकांनी धू धू धुतलं. कॅनडातली मुलगी लिहिते, काकू, तुम्हीसुद्धा? अश्विनीनं एकही पत्र न गाळता, सावकाश, सगळी वाचून दाखवली. एक संपलं की माझ्या तोंडाकडं बघायची, मग दुसरं. मी म्हणलं, बास कर आता, कान किटले.

४ डिसेंबर, सोमवार

अश्विनी हल्ली गॅलरीत जाऊन फोनवर बोलते. जुन्या ऑफिसातली मैत्रीण म्हणे. आज सर्टिफिकिटांच्या झेरॉक्स काढून आणल्या, फोटो पण काढून आणले. बिचारी अजून व्हिसाची तयारी करायलीय! कुणीतरी हिला सांगायला पाहिजे, असं माझ्या मनात आलं. मग लक्षात आलं, ते कुणीतरी म्हणजे मीच.

रोज सकाळी ठरवते. ती चहा घेऊन येते, कप ठेवते, आणि जरा उभीच राहते माझ्यापुढं. जायचं नाव घेत नाही. तिला असं उभं बघितलं की मी म्हणते, साखर कमी पडली गं.

ब्लॉगवर त्या धुलाईनंतर एकच लेख. हिंदी सिनेमातल्या अमेरिकेत राहणाऱ्या हिरोवर. सगळे मोठ्या बंगल्यात राहतात आणि करवा चौथला रडतात. जमला नाही. अश्विनी हसली नाही.

३१ डिसेंबर, रविवार

रितेश. हॅपी न्यू इयर. मी म्हणलं, तू स्वतः बोल तिच्याशी, माझा जीव नक्को खाऊ. "बोलतो ना मम्मी, वकिलाचे कागद होऊ दे. तू तोवर नॉर्मल राहा." नॉर्मल म्हणे! तरी मी त्याला सांगून टाकलं, की पहिली संक्रांत आहे, हलव्याचे दागिने करणार आहे, बायका काय म्हणतील नाही केलं तर. तो म्हणला, "कर की. छानच."

मला माहीत आहे हे बरोबर नाही. इथं कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. मला वाटायलंय, की काळी साडी नेसवली, हलव्याचे दागिने घातले, चारचौघींनी ओवाळलं, की कदाचित देवाला लाज वाटेल आणि तो पोराचं मन फिरवील. हे मी ब्लॉगवर लिहिलं असतं तर लोकांनी मालिकेवाल्यांना पाठवून दिलं असतं.

२० जानेवारी २००७, शनिवार

नवीन वर्षाची डायरी आली नाही अजून. ह्याच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते.

हळदीकुंकू झालं. मंडळातल्या त्रिवेणीबाईंनी नांदेडहून हलव्याचा पूर्ण साज मागवून दिला होता. हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी, मंगळसूत्रसुद्धा. चार वाजता मी अश्विनीला सजवायला बसले. ती आरशात माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आई, आता तीस बायका येतील. त्याच्या आधी तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

दार बंद होतं. आम्ही दोघीच होतो. हे बाहेर खुर्च्या मांडत होते. याहून चांगली वेळ कुठली होती?

मी म्हणलं, "हौ. बिंदी सरकलीय, सरळ धर."

तिनं सरळ धरली.

बायका आल्या. दिसत होती पोरगी! शेजारच्या तेलुगू वहिनी तर हार हातात घेऊन बघायल्या, "साखरेचा? खराखरा साखरेचा?" त्रिवेणीबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "भाग्यलक्ष्मी, रितेश कधी नेणार सुनेला?" अश्विनी वाणाचं तबक घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. सगळ्या माझ्याकडं बघायल्या. मी म्हणलं, "तारखेचं चाललंय बघा चेन्नईला. रितेश तर रोज विचारतोय, कधी येते म्हणून."

रोज विचारतोय. कुणी विचारलंही नव्हतं एवढं, मी आपलं जोडलं. अश्विनीनं त्रिवेणीबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला, वाकून नमस्कार केला, आणि पुढच्या बाईकडं गेली.

२१ जानेवारी, रविवार

सकाळी अंघोळ करून तिनं कम्प्युटर लावला. चहाचे दोन कप आणले. मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी टपाल बघणार म्हणून खुर्ची ओढून बसले.

"आई, एक पत्र वाचून दाखवायचं राहिलंय," ती म्हणाली. "ऑक्टोबरचं आहे."

आणि तिनं वाचलं. त्याच आवाजात, लातूरच्या माणसाचं वाचायची तसंच. "मम्मी, हे फोनवर बोलता येणार नाही म्हणून लिहितोय. मी अश्विनीला इकडं आणणार नाही. इथं माझं दुसरीकडं आहे, लग्नाच्या आधीपासून. तू रडलीस म्हणून मी लग्न केलं. तिला तू इतक्यात काही सांगू नको. ती चांगली मुलगी आहे, तुझ्याजवळ राहील तोवर तुलाही सोबत होईल." शेवटचं वाक्य मला फोनवर सांगितलं नव्हतं त्यानं.

मी म्हणलं, तुला माहीत होतं? तेव्हापासून?

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत नाही. पत्र तर मी लपवलं होतं. तुम्हाला किती लागेल म्हणून. मग त्या रविवारी मी भाजी घेऊन आले आणि तुमचा चेहरा बघितला. कळलं, की त्यानं फोनवर सांगितलंय. म्हटलं आता या सांगतील." ती कम्प्युटर बंद करायला लागली. "रोज सकाळी चहा ठेवून उभी राहायचे आई. दिवाळीनंतर पुण्याला आईला सांगितलं, ती निघून ये म्हणायची, तर मी म्हणायचे, थांब, त्या सांगतील, त्या तशा नाहीत."

मी तिचा हात धरला. काय काय बोलले ते आठवत नाही. माझं चुकलं म्हणलं, राहा म्हणलं, मुलगी म्हणून राहा म्हणलं, त्याला घरात घेणार नाही म्हणलं. तिनं हात सोडवून घेतला नाही. मीच सोडेपर्यंत तशीच बसली. मग म्हणाली, "काल तुम्ही म्हणालात ना, तो रोज विचारतो. तोपर्यंत मी बॅग भरली नव्हती."

पुण्यात नोकरी लागलीय, एक तारखेपासून. दुपारच्या गाडीनं गेली. हे स्टेशनवर पोचवायला गेले. मला म्हणाले, तू येऊ नको. जाताना तिनं माझ्या पाया पडायला वाकायची सवय मोडली नाही, आणि एका कागदावर ब्लॉगचा पासवर्ड लिहून, शेजारी कुठलं बटण आधी दाबायचं तेही लिहून ठेवलं, मोठ्या अक्षरात, एक, दोन, तीन करून.

२४ जानेवारी, बुधवार

हे घरात एक शब्द बोलत नाहीत. पूर्वी पण बोलत नव्हते, पण ते वेगळं होतं.

कागद बघून कम्प्युटर लावला. टपालात नऊ पत्रं होती. वाचली मी, एकेक अक्षर लावून. काकू कुठं आहात, काकू लिहा. साडेआठच्या मालिकेतल्या सुनेला काल सगळं कळलं, आता काकू काय म्हणतात, असं तिघांनी विचारलंय. मला काही म्हणायचं नाही. कम्प्युटर बंद कसा करायचा ते कागदावर होतं, म्हणून बंद केला.

२८ जानेवारी, रविवार

रितेशचा फोन. अश्विनीनं त्याला दोन ओळींचा मेल टाकला म्हणे, की मी पुण्याला आलेय, वकिलाचे कागद इकडच्या पत्त्यावर पाठव. तो एकदम हलका झाला होता. कितीतरी वर्षांनी एवढा मोकळा बोलला पोरगा. "मम्मी, तू मस्त सांभाळलंस. काही तमाशा नाही, काही नाही. मला वाटलं होतं मोठं लफडं होईल. उन्हाळ्यात तू आणि पप्पा इकडं या. इथं हिला पण भेटायचंय तुला."

सात दिवस मी मनात जुळवत होते त्याला काय बोलायचं ते. भांडी घासताना जुळवलं, देवापुढं बसून जुळवलं. असं काही ऐकवीन, की जन्मात विसरणार नाही. हे समोरच बसले होते, पेपर खाली करून, माझ्या तोंडाकडं बघत.

"मम्मी? ऐकायलीस ना?"

"हौ," मी म्हणलं. "जेवलास का रे?"

तो म्हणला, आत्ताच. मग काय जेवला ते सांगायला लागला, आणि यांनी पेपर वर घेतला. मी ऐकत बसले.